हत्तीचा नारिंगी पाय

हुबळी, ११ ऑगस्ट १९३५

डायरी इंग्रजीत लिहायची असं ठरवलं होतं. चार ओळी लिहिल्या आणि अडलो. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालं, स्वप्नंसुद्धा अधूनमधून इंग्रजीत पडतात, पण मामींचं भांडण काही इंग्रजीत येईना. आमटीत मीठ नाही हे वाक्य तीन तऱ्हांनी लिहून बघितलं. कागदावर ते नुसतं मीठच राहतं, त्यातलं भांडण निघून जातं. म्हणून मराठी.

बी.ए. झालो. अप्पांनी धारवाडहून इकडे मामांकडे धाडलंय. नोकरी लागेपर्यंत दुकानाची इंग्रजी पत्रं लिही म्हणाले. दाजीबानपेठेत खाली कापडाचं दुकान, वर घर. थोरले रामचंद्रमामा आणि धाकटे सदाशिवमामा, दोघांचं मिळून. धाकट्यांनी केशवापुरात घर बांधलंय, दिवाळीच्या पाडव्याला बिऱ्हाड हलवणार. दुकान एकत्रच राहायचं. पाट, पातेली, पाळणा, सगळ्याची वाटणी भावाभावांनी हसत केली. अडलं फक्त लक्ष्मीपाशी.

लक्ष्मी म्हणजे देवघरातलं छापील चित्र, काचेच्या खोल चौकटीत बसवलेलं. आजीनं, म्हणजे मामांच्या आईनं, त्या चित्राला खरे कपडे शिवून घातलेत. खणाची चोळी, जरीचं लुगडं, टिकल्या, मोती, आतून कापसाचा उठाव. मूळ चित्रातला दिसतो तो फक्त चेहरा आणि दोन हात. आजी जाऊन दहा वर्षं होत आली. तिच्या पाया पडल्याशिवाय मामा अजून दुकानाचं कुलूप काढत नाहीत. तिच्या म्हणजे लक्ष्मीच्या.

कौसल्यामामी, थोरली, म्हणते सासूबाईंनी ती माझ्या हाती दिली. पार्वतीमामी, धाकटी, म्हणते दर दिवाळीला तिला नवा दागिना मी घालते, तिला माझी सवय आहे. दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलंय. बोलणं माझ्यातर्फे होतं.

"नारायणा, त्यांना सांग, आमटीत मीठ नाही."

"नारायणा, त्यांना सांग, सोमवारची आमटी त्यांची असते."

दोघी एकाच चुलीपुढं, हातभर अंतरावर.

१३ ऑगस्ट

आज जेवताना तोडगा काढला. म्हटलं, हे हातानं काढलेलं चित्र नव्हे, छापलेलं आहे. कुठल्या चित्रकाराचं, कुठल्या छापखान्याचं, ते मी शोधतो. मग दुसरी प्रत मागवू, दोघींना एकेक.

मामांचे घास थांबले. "म्हणजे आपल्या लक्ष्मीसारख्या आणखी आहेत काय?" सदाशिवमामा म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात दिसावं तसा चेहरा झाला.

पार्वतीमामी लगेच तयार. कौसल्यामामी म्हणाली, "कशाला उगीच शोधायचं? आहे ती आहे की." बायकांना संशोधनाचं वावडं असतं असं दिसतं. पण मी ठरवलंय. कॉलेजच्या लायब्ररीत चित्रकलेवरचं प्रत्येक इंग्रजी मासिक मी वाचलंय. ही माझी पहिलीच खरी केस.

१९ ऑगस्ट

भिंग घेऊन दुपारभर निरीक्षण. टिपणं इथं उतरवतो.

मान डावीकडे कललेली, नजर खाली. डाव्या हाताची बोटं वाकलेली, उजव्या हाताची पुढं आलेली, जणू नाणी मोजतायत. व्यापाऱ्यांची लक्ष्मी म्हणून चित्रकारानं मुद्दाम तशी दाखवली असणार. बोटांत रेशमी कमळं आहेत, ती आजीची. डाव्या खांद्यापासून उजव्या मांडीपर्यंत जरीचा शेला तिरका गेलाय, खांबासारखा ताठ. इतका ताठ शेला आजवर पाहिला नाही. पायाशी चंदेरी कापडाचा हत्ती. हत्तीची मान फार लांब आहे. आणि कापडाच्या कडेखालून मूळ चित्रातल्या हत्तीचा पाय जरासा दिसतो. तो नारिंगी आहे. मावळतीचा उजेड पकडलाय. थोर माणूस असला पाहिजे.

छापखान्याचं नाव चित्राच्या खालच्या कडेला असतं, तिथं जरीचा काठ शिवलाय. मी सहज म्हटलं, चौकट उघडून काठ जरा उसवला तर बघता येईल.

कौसल्यामामीनं हातातलं तबक खाली ठेवलं. "देवीचं लुगडं सोडणार? तू?"

"काठ फक्त, मामी."

"तुझी बायको आली की तिच्याही काठापासूनच सुरुवात करशील."

पार्वतीमामी पदरात तोंड घालून हसली. या प्रकरणात दोघी पहिल्यांदाच एका बाजूला झाल्या. दुर्दैवानं माझ्याविरुद्ध.

२५ ऑगस्ट

मुंबईच्या चित्रांच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं, असतील तेवढ्या लक्ष्म्या पाठवा म्हणून.

मधल्या वेळात मद्रासच्या एका इंग्रजी मासिकासाठी लेख सुरू केलाय. विषय, चित्रांची नक्कल करणं ही चोरी आहे. पहिली चार पानं एका बैठकीत झाली. याच विषयावरचं एका साहेबाचं पुस्तक समोर उघडं ठेवलं की वाक्यं आपोआप जमत जातात.

२ सप्टेंबर

रामचंद्रमामांना वाट बघवेना. त्यांनी शाळेतल्या ड्रॉइंगच्या शेषगिरी मास्तरांना बोलावलं, हातानं दुसरी काढून द्या म्हणाले. मास्तर कानडी, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. मी मध्ये पडलो. म्हटलं, दुसऱ्याच्या चित्राची नक्कल म्हणजे त्याच्या घरात शिरण्यासारखं आहे.

मास्तर म्हणाले, "नारायणराव, वीस वर्षं मी काय शिकवतो? फळ्यावर मी आंबा काढतो, पोरं तो बघून आंबा काढतात. खरा आंबा एकदा आणला होता. तास संपायच्या आत कोय राहिली."

"पण मूळ चित्रकाराचा हक्क?"

"छापलंय म्हणता ना? मग त्या माणसानंच हजार नकला केल्यात. हजारावर एक मी केली तर कुणाच्या घरात शिरलो?"

हे मी लेखात घालायला म्हणून लिहून ठेवलं, खोडून काढायला सोपं जावं असं थोडं बदलून.

मग मास्तरांनी लक्ष्मी पाहिली. बराच वेळ पाहिली. "ही काहीतरी ऐकतेय की हो," म्हणाले.

"खाली दुकानात नाणी वाजतायत, ते."

"हौदु, हो, तसंही असेल," म्हणाले, आणि चहा पिऊन, मला वेळ नाही असं मामांना सांगून गेले. कौसल्यामामीनं त्यांना दाराशी जाऊन लाडू बांधून दिले. नकार देणाऱ्याला लाडू का, ते कळलं नाही.

१७ सप्टेंबर

पार्सल आलं. सात लक्ष्म्या. उभ्या, बसलेल्या, एक तर चक्क झोपाळ्यावर. सातही चेहरे आपले नव्हेत. एकीच्याही हत्तीचा पाय नारिंगी नाही.

चित्रं चुरगळू नयेत म्हणून वरून एक सरस्वती गुंडाळलेली होती. ती मी कडेला ठेवली. संध्याकाळी सहज उलगडली. तोच चेहरा. तीच कललेली मान, तीच नजर, तीच बोटं. आमच्या लक्ष्मीचं तोंड जसंच्या तसं उचलून, हातात वीणा देऊन, पायाशी हंस बसवून कुणीतरी सरस्वती म्हणून खपवलीय. खाली छापखान्याचं नाव बिनदिक्कत छापलंय.

इतकी उघड चोरी मी पुस्तकातसुद्धा वाचली नव्हती. लेखाला पुरावा मिळाला. शेवटची दोन पानं संतापाच्या भरात लिहून काढली.

१८ सप्टेंबर

लेख मद्रासला रवाना. आता घरात सांगायला हरकत नाही. उद्या.

१९ सप्टेंबर

आजचा दिवस नीट क्रमानं लिहायला हवा.

सकाळी देवघरात कौसल्यामामीपुढं सरस्वती उलगडली. म्हटलं, "मामी, बघा, आपल्या लक्ष्मीचा चेहरा चोरलाय."

मामी पाटावर बसली. वीणेवरून एकदा बोट फिरवलं. मग हंसावरून. "हे कुणाला दाखवलंस?"

"कुणाला नाही. पण मद्रासला लिहून पाठवलंय."

"मद्रास लांब आहे ना?"

"आहे की."

"मग असू दे." आणि मग तिनं हाक मारली, "पार्वती."

मी आल्यापासून पहिल्यांदा. पार्वतीमामी पोळी तव्यावर टाकून धावत आली. मला बाहेर घालवून आतून कडी लावली. पोळी जळल्याचा वास घरभर झाला, कुणी विचारलं नाही. मग आतून दबलेला आवाज यायला लागला. मला वाटलं, रडतायत. दोघींना सावरायला मामांना बोलवावं की काय, असा विचार करत होतो, तेवढ्यात कडी निघाली. दोघींचे डोळे पुसलेले होते, पण हसून हसून.

चौकट उघडली होती. देवीवर कौसल्यामामीचा शालू घातला होता, चेहरा आणि पायाकडचा भाग तेवढा उघडा. चंदेरी हत्ती बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या जागी हंस होता. पाय नारिंगी.

मी माझी सरस्वती शेजारी धरली. एकच चित्र. छापखान्याच्या नावासकट. एका चित्रावर मी त्याच चित्राची चोरी केल्याचा आरोप ठेवला होता, आणि तो पोस्टात टाकला होता.

कौसल्यामामीनं सांगितलं. दुकानाची पहिली दिवाळी. आजोबा बाजारात लक्ष्मी आणायला गेले आणि ही घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं, मुकुट बघितला, शेजारी तळ्यात कमळ बघितलं, आणली. पूजेला तासाभरात माणसं येणार. "माणूस इतक्या हौसेनं आला होता," मामी म्हणाली, "सासूबाई कशाला बोलतील? मला आत घेऊन कडी लावली. त्यांनी वीणेवर शेला शिवला. मी नऊ वर्षांची होते, हत्ती मी कापला. हंस झाकायचा तर मान तेवढी लांब करावीच लागली."

शपथ घातली होती आजीनं. म्हणून मामीला ती दुसऱ्या घरी जायला नको होती. कधी काच फुटली, कुणी कापड बदललं, तर आजीचं झाकलेलं उघडं पडेल, आणि मामांचा धीर जाईल.

पार्वतीमामी म्हणाली, "अक्का, एवढं सांगितलं असतंत तर मी हट्ट धरला असता काय?"

"सांगितलं असतं तर तू तिला लक्ष्मी मानली असतीस काय?"

पार्वतीमामीनं विचार केला. "आता मानायची सवय झालीय," म्हणाली.

मी म्हटलं, पण चित्रकारानं सरस्वती काढली, आपण तिची लक्ष्मी केली, हा त्याच्यावर अन्याय नाही काय? कौसल्यामामी म्हणाली, "त्यानं देवी काढली. त्याच्या घरात सरस्वती लागत असेल. आमच्या घरात लक्ष्मी लागत होती."

तरी मी विचारलंच, तीस वर्षं सरस्वती घरात असून दोघा मामांपैकी मॅट्रिक कुणीच कसं झालं नाही?

"तिच्या हातात वीणा राहू दिली नाही आम्ही. ती काय करणार?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मात्र सगळ्या सुट्ट्यांत तिच्या पायाशीच झोपायचास."

२३ सप्टेंबर

ठरलं ते असं. पार्सलातल्या सरस्वतीला तशीच लक्ष्मी करायची. मामांना सांगायचं, नारायणानं शोध लावून तीच लक्ष्मी मुंबईहून मागवली. म्हणजे बिनचूक संशोधक म्हणून माझं नाव होणार, ते खोट्यावर. मी तत्त्वाचा प्रश्न काढला. पार्वतीमामीनं माझ्या हातात सुई दिली. "दोरा ओवता ओवता बोल," म्हणाली.

३ ऑक्टोबर

नव्या देवीला जुन्यासारखं कापड हवं. आजीनं घातलेल्या लुगड्यासारखी जर सबंध दाजीबानपेठेत मिळेना. शेवटी जुन्या लक्ष्मीचं लुगडं काढून मधोमध फाडलं, अर्धं हिला, अर्धं तिला. उरलेल्या अर्ध्याला पार्वतीमामीनं आपल्या लग्नाच्या शालूचा काठ कापला, दोन्हीकडे सारखा. कौसल्यामामीनं नथीचे मोती सोडवले, दोन्हीकडे सारखे.

मी कपाळाला हात लावला. जगातल्या कुठल्याही म्युझियममध्ये असं केलं तर नोकरी जाईल. कुठली अस्सल आणि कुठली नक्कल हे आता कापडावरून कळणार नाही.

८ ऑक्टोबर

काल दसरा झाला. मामांनी पाटीवर सरस्वती काढून लक्ष्मीपुढं ठेवली. म्हणजे सरस्वतीपुढं सरस्वती. पार्वतीमामीला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. कौसल्यामामी तिच्या पाठीवर थोपटत होती, तिचेही खांदे हलत होते.

रामचंद्रमामा मला हळूच म्हणाले, "बोलायला लागल्या वाटतं."

१२ ऑक्टोबर

कुठला चेहरा कुठल्या चित्रातला हे मला अजून ओळखू येतं, पण फार दिवस येणार नाही. म्हणून आज दोघी स्वयंपाकात असताना जुन्या चित्राच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर शाईनं इंग्रजीत लिहून ठेवलं: हे मूळ चित्र आहे, नारायण, बी.ए. खाली तारीख. शाईचा एक डाग पडला, पण चालेल. इतिहासाशी प्रामाणिक राहिलं पाहिजे.

१५ ऑक्टोबर

काम पुढं सरकत नाही. रोज दुपारी कडी लावून बसतात, आणि काल शिवलेलं आज उसवतात. हत्तीचा कान तीन वेळा झाला. मी म्हटलं, कान उत्तम आहे, आता पुरे.

दोघी एकदम म्हणाल्या, "तुला काय कळतं?"

बायकांना वेळेची किंमत नाही. पाडवा जवळ आला.

१९ ऑक्टोबर

मद्रासहून लेख परत. संपादकांनी लिहिलंय की पहिल्या पानापासून चौथ्यापर्यंतचा मजकूर त्यांनी गेल्या वर्षी त्या साहेबाच्या पुस्तकातून छापला होता, आणि शेवटच्या दोन पानांबद्दल त्यांना काही समजलं नाही.

शेषगिरी मास्तरांना दाखवलं. म्हटलं, योगायोग बघा, साहेबालाही नेमकं हेच सुचलं होतं. मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तुमचा आंबा छान आलाय, नारायणराव," म्हणाले.

कौतुक केलं ते बरं वाटलं, पण आंब्याचा इथं काय संबंध?

२४ ऑक्टोबर

विचित्र दिवस. सकाळी कौसल्यामामी गच्चीवर गाठून म्हणाली, "पूजेच्या दिवशी तुला विचारतील जुनी कुठली. जी जुनी असेल ती पार्वतीच्या पदरात घाल. ती नव्या घरात एकटी असणार. माझ्या अंगात सासूबाई मुरल्यात, मला नवी चालते. पण मी सांगितलं म्हणू नकोस."

दुपारी पार्वतीमामी जिन्यात. "जुनी अक्कांच्याकडे राहू दे. हत्ती त्यांनी कापलाय. मी सांगितलं म्हणू नकोस."

म्हणजे भांडण मिटलेलं नाही, नुसतं उलटं झालंय. आता मी काय करावं? मी माझ्या पुठ्ठ्यावरच्या सहीवर विसंबून आहे. जे खरं ते सांगणार, पुढचं त्या बघतील.

२६ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दोन्ही चौकटी शेजारी शेजारी मांडल्या. समया लावल्या. दुकानातली माणसं, शेजारी, शेषगिरी मास्तर, सगळे आले होते. सगळ्यांची नजर एकीवरून दुसरीवर जात होती. सदाशिवमामांचे डोळे भरले. "नारायणानं हुबेहूब शोधून काढली," म्हणाले. मी खाली बघितलं.

मग रामचंद्रमामा म्हणाले, "आता सांग बाबा, जुनी कुठली?"

मी तयारीनं पुढं झालो. डावीकडची चौकट उचलून पालथी केली. पुठ्ठ्यावर माझं इंग्रजी वाक्य, सही, बी.ए., तारीख, शाईचा डाग. झालं, म्हटलं. केवळ शिस्त म्हणून उजवीकडची उलटली. माझं इंग्रजी वाक्य, सही, बी.ए., तारीख. डागसुद्धा. त्याच जागी, त्याच आकाराचा.

मी दोन्ही मामींकडे बघितलं. दोघींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

पार्वतीमामी हळूच म्हणाली, "जुनीवर होतं ना ते? आम्हाला वाटलं, काहीतरी मंत्र असेल. सारखं करायचं तर सगळंच सारखं करायला हवं."

"तो खालचा ठिपका तेवढा जड गेला," कौसल्यामामी म्हणाली. "दोनदा पुसून काढला."

पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. एका पुठ्ठ्यावर सहीतला नारायणचा शेवट जरा ओढाताण केल्यासारखा आहे, दुसऱ्यावर सुरेख वळलेला. सुरेख आहे ती माझी नसावी, पण नक्की सांगता येत नाही.

"कुठली रे?" मामांनी विचारलं.

तत्त्वाप्रमाणे 'मला माहीत नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही जुन्या?"

"माझी सहीच आहे दोन्हींवर," मी म्हणालो.

मामांनी हात जोडले, आधी डावीला, मग उजवीला. शेषगिरी मास्तर मागून म्हणाले, "हौदु हौदु, बी.ए. आहेत ते."

२८ ऑक्टोबर, पाडवा

टांगा सामानानं भरला. उजवीकडची लक्ष्मी केशवापूरला निघाली. ती सांभाळायला मला पुढं बसवलं, चौकट मांडीवर. पार्वतीमामी चढता चढता दोनदा खाली उतरली, एकदा विळी राहिली म्हणून, एकदा विळी मिळाली हे सांगायला. कौसल्यामामी दुकानाच्या पायरीवर उभी होती.

टांगा हलला तशी पार्वतीमामीनं मागं वळून हाक मारली. "अक्का, हिच्या हत्तीची सोंड सैल झालीय. शुक्रवारी सुईदोरा घेऊन या. एका दुपारचं काम नाही ते."

"येते की," कौसल्यामामी म्हणाली. "बघ, कानही परत काढावा लागेल."

वाटेत मी काचेतून नीट बघितलं. सोंड पक्की शिवलेली आहे. तसं मामीला सांगितलंसुद्धा. तिनं ऐकलंच नाही.